मामाजींचे मिटलेले डोळे

पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं आणि माझ्या सासऱ्यांना धनुर्वात झाला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. रिसोडकडच्या आमच्या गावातून बैलगाडीत घालून त्यांना वाशीमच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा दातखीळ बसलेली होती. या दुखण्यात चेहरा असा ओढला जातो, की माणूस हसतोय असंच वाटतं. भेटायला येणारा जो तो म्हणे, "हासून राह्यले ना, आता कायची काळजी?" मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटे. कळ आली की पाठीची कमान होत होती, आणि यांना हसू दिसत होतं.

डॉक्टर भले होते. मामाजींना म्हणाले, "तुम्हाला बोलता येत नाही. फार दुखलं की डोळे घट्ट मिटा." मग आम्हाला म्हणाले, "यांनी डोळे मिटले की कंपाउंडरला बोलवा, तो सुई देईल. पण उगाच नको, सुईनं श्वास मंदावतो."

सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून उशाशी मी. दारात माझा नवरा आणि थोरले दीर. दीर म्हणजे घरचे कर्ते, त्यांच्या शब्दापुढं कोणी जात नसे. आमच्या घरात सून समोर आली की सासरा नजर फिरवी आणि सून पदर हनुवटीपर्यंत ओढी. मला पोरंबाळं झाली, तरी मामाजींनी माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. मीही त्यांच्याशी कधी शब्द बोलले नव्हते, दिरांशीही नाही.

दुपारी मामाजींनी डोळे घट्ट मिटले. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यायले दुखून राह्यलं. कंपाउंडरले बलवा." नवऱ्यानं भावाकडं पाहिलं. दीर म्हणाले, "दुखत नाही काही. सून समोर बसली म्हून मिटले. आपला बाप मर्यादेचा माणूस हाय."

आता या शहाणपणाला काय म्हणावं? माणूस मरायला टेकलाय, आणि म्हणे मर्यादा पाळतोय. मला व्हरांड्यात घालवलं. तेवढ्यात कळ ओसरली आणि मामाजींनी डोळे उघडले. झालं, दिरांचंच खरं ठरलं. मी परत आत गेले, पुन्हा कळ आली, पुन्हा डोळे मिटले. आता नवराही म्हणाला, "तू जाय न बाहीर. कायले त्यायले लाजवतं?"

माझं डोकंच फिरलं. मी पदर मागं टाकला आणि मामाजींवर वाकले.

"मामाजी, मी सून बोलून राह्यली. दुखत असन तर डोळे उघडा अन् माह्या तोंडाकडं पाहा."

मामाजींनी डोळे उघडले. माझ्या उघड्या तोंडाकडं ते बघतच राहिले. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं, पण नजर हलली नाही. दीर कंपाउंडरला आणायला गेले.

मामाजी वाचले. घरी आलो तर गावात चर्चा एकच, माझ्या पदराची. ओसरीवर पाहुण्यांपुढं दीर सांगत होते, "बापासमोर डोकं उघडं केलं हिनं." मी चुलीपुढं भाकरी थापत धुसफुसत होते. तिथंच बाजेवर पडलेल्या मामाजींचा जबडा नुकताच सैल झाला होता, शब्द अडखळत येत होते.

"मले दुखत होतं," ते म्हणाले. "तुमी सारे होते तिथं. इचारलं तिनं."