छत्तीस निळे ‘इथे दाबा’

कुठलीही गोष्ट छापल्याशिवाय पूर्ण झाली, असं माझी मावशी मानत नाही. चौतीस वर्षं तिने न्यायालयात टंकलेखन केलं. निकाल सुनावला गेला तरी तो तिच्या यंत्रातून कागदावर उतरेपर्यंत आरोपीसुद्धा जागचा हलत नसे, असं ती सांगते. आरोपींना काय वाटत होतं ते कळायला मार्ग नाही. निवृत्त झाल्यावर तिने मॅक घेतला आणि त्या नाजूक बिचाऱ्यावरही ती जुन्या लोखंडी यंत्रासारखीच तुटून पडली. ती टाइप करू लागली की टेबल खिडकीकडे चालू लागतं.

तिच्यासोबत राहतो तो तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा. मामाने चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग तो उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने अशी बसवायचा की गिऱ्हाईक श्वास घ्यायला विसरे. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू पाय परत आला. तोंड तर दुसऱ्याच दिवशी परत आलं, आणि आल्या आल्या डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणालं. बोट मात्र रुसून बसलं.

त्याला व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी आपली हस्तलिखित वही पुस्तिका करायला मावशीला दिली. छत्तीस व्यायाम, प्रत्येकाचा एक व्हिडिओ. रुग्णांनी टॅबलेटवर पुस्तिका उघडायची आणि व्यायामाखालच्या निळ्या ‘इथे दाबा’वर बोट टेकवायचं, की व्हिडिओ सुरू. तेही दुखऱ्या हाताच्याच बोटाने! “ते दाबणं हाच पहिला व्यायाम,” बाई म्हणाल्या होत्या.

मावशीने दोन दिवसांत पुस्तिका टाइप केली. मॅकवर छत्तीसच्या छत्तीस निळे शब्द स्वतः दाबून पाहिले; व्हिडिओ सुरू झाला की लगेच पुढचा. मग तिची पीडीएफ केली आणि मामाच्या टॅबलेटवर घातली. पानं ती सरकवून देई, दाबायचं काम मामाचं.

मामाने तीन दिवस दाबलं. काहीही उघडलं नाही.

“जोर लाव ना, दादा!”

“लावतोय की!”

“एवढा जोर तर डास बसतानाही लावतो. मी सगळे तपासलेत, सगळे उघडतात.”

“तुझ्या बोटाने उघडतात, टकटके. तुझ्या बोटाने तर तिजोरी उघडेल.”

चौथ्या दिवशी मामाने टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला. पाचव्या दिवशी त्याने बाजारपेठेतल्या दुसऱ्या घड्याळजीला फोन करून सांगितलं, “माझी हत्यारांची पेटी घेऊन जा. पाच वाजता ये. या बोटात आता काही उरलं नाही.” आणि कपाटावरची पेटी खाली काढायला मला बोलावलं.

मी चार वाजता पोचलो आणि पेटी काढून दिली. पेटी मांडीवर घेऊन मामा एकेक चिमटा पुसत होता. मावशी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तिला रडू आलं की त्या घरात भांडी वाजतात. पेटी दाराशी नेऊन ठेवायला मी वाकलो, तशी ती हात पुसत बाहेर आली.

“थांब रे! दादा, शेवटचं सांगते. असं दाबायचं असतं. बघ!” आणि तिने टेबलावरचा टॅबलेट उलटून त्यावर बोट हाणलं.

काही झालं नाही.

तिने पुन्हा हाणलं. टॅबलेट टेबलावरून घसरता घसरता मी धरला.

“तू दाब रे,” ती मला म्हणाली. मी दाबलं. ढिम्म!

मावशीचा चेहरा असा उजळला, जणू बढतीचं पत्र आलंय. “दादा! माझंही बोट गेलं! ह्याचंही गेलं!”

“मग एवढं नाचतेस काय?” मामा म्हणाला, पण त्याचा चिमटा हातातच थांबला होता.

“अरे, एका घरात तीन बोटं एकदम जातात का कधी? खोट पीडीएफमध्ये आहे!”

ती मॅकवर झेपावली. मूळ पुस्तिकेत दाबलं, तर व्हिडिओ सुरू. पीडीएफमध्ये दाबलं, तर नुसतं निळं अक्षर.

“पीडीएफ केलीस कशी?” मी विचारलं.

“कशी म्हणजे? प्रिंट द्यायचं आणि तिथूनच पीडीएफ म्हणून ठेवायचं. छापायला दिल्याशिवाय काम पूर्ण होतं का?”

“मावशी, तू मॅकला तो कागदच समजायला लावलंस! कागदावर निळी शाई राहील, दाबून उघडणार काय?”

तिने माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांत तिला कोणी असं सुनावलं नव्हतं. मग ‘फाइल’मध्ये जाऊन तिने ‘सेव्ह ॲज’ उघडलं आणि प्रकार पीडीएफ निवडला. खाली दोन पर्याय आले: एक छपाईसाठी उत्तम, दुसरा इलेक्ट्रॉनिक वाटपासाठी. तिने क्षणाचाही विचार न करता छपाईवर टिचकी मारली.

पुन्हा ढिम्म.

“मावशी!”

“सवय रे मेल्या, सवय!” म्हणत तिने दुसरा पर्याय निवडला. त्याला इंटरनेट लागत होतं, ते नेमकं रेंगाळलं. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी. घरात मामाची घड्याळं अकरा, आणि सगळी तेच सांगत होती.

नवी पीडीएफ टॅबलेटवर आली. मावशीने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले. “दादा, तू.”

मामाने बोट उचललं. ते सावकाश खाली आलं आणि निळ्या अक्षरावर जेमतेम टेकलं.

पडद्यावर व्यायामवाल्या बाई उगवल्या आणि म्हणाल्या, “छान! आता मूठ उघडा.”

मावशी किंचाळली. मी किंचाळलो. शेजारच्यांनी भिंत ठोकली. मामाने मात्र लगेच दुसरं दाबलं. मग तिसरं. बेल वाजली, मी घड्याळजीला आत घेतलं, त्याने पेटीकडे हात केला, तर मामा वर न बघताच म्हणाला, “पेटीला हात लावू नकोस. बस जरा, मी अठराव्यावर आहे.”

घड्याळजी बसला. एकोणीस, वीस... तेविसाव्याला मामाचं बोट थांबलं. खांद्याच्या व्यायामाखाली बाई घोटा फिरवत होत्या.

“टकटके, इकडे ये. तेविसावं दाबलं की बत्तिसावं उघडतंय.”

“शक्य नाही! माझ्या हातून चूक?”

“तूच दाबून बघ.”

तिने दाबलं. घोटाच फिरला. चौतीस वर्षांची बेदाग नोकरी, आणि चूक काढली कोणी, तर या बोटाने!

“आता ती दुरुस्त कर,” मामा ऐटीत म्हणाला, “आणि तोवर मला या पाहुण्याचं घड्याळ बघू दे. मघापासून कानाला खटकतंय.”