सलामीचे दाजी

आमच्या क्लबात सगळेच त्यांना दाजी म्हणतात. खरं तर ते एकट्या माझे दाजी, थोरल्या ताईचा नवरा. पण मी मैदानावर दाजी दाजी करत राहिलो आणि केमिस्टपासून बसड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी ते नातं परस्पर लावून घेतलं. ताईला हे मुळीच पसंत नाही. तिचं म्हणणं, एक भाऊ पदरात होता तोच पुष्कळ होता, त्यात ही आणखी दहा जणांची भर.

दाजी रंगारी आहेत. लोकांची घरं रंगवतात आणि स्वतःचं घर मात्र गेली कित्येक वर्षं ‘यंदा रंगवायला काढू’ म्हणतात. त्यांच्याकडे एक जुना टेम्पो आहे. आठवडाभर त्यात शिड्या, बादल्या आणि डबे असतात, आणि उन्हाळ्यात रविवारी सकाळी त्यांच्या जोडीला आमची मॅट असते. आमच्या मैदानावरची खेळपट्टी म्हणजे नुसती ढेकळं. त्यावर काथ्याची लांबलचक मॅट अंथरून, ताणून, कडेनं खिळे ठोकल्याशिवाय चेंडू सरळ येतच नाही. ती गुंडाळी दोघांनाही जड जाते, तिला टर्पेंटाइनचा वास येतो आणि ती वर्षभर ताईच्या मागच्या खोलीत पडून असते. ताई तिला सवत म्हणते.

क्लबाचा पहिल्यापासूनचा रिवाज असा, की जो मॅट आणेल तो सलामीला जाईल आणि पहिला चेंडूही तोच खेळेल. सुरुवातीला ती धोंड कुणीच गळ्यात घेईना, म्हणून कुठल्याशा जुन्या कॅप्टननं हे गाजर दाखवलं. आमच्या दाजींनी ते पकडलं आणि बारा उन्हाळे झाले तरी सोडलेलं नाही.

त्यांच्या बॅटिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती असतेच थोडी. ते ऐटीत आत जातात. एखाद्या घराचं काम घ्यावं की नाही हे ठरवायला आल्यासारखं चौफेर बघतात. मग गार्ड घेतात, तो अगदी सावकाश, मिलिमीटर मिलिमीटर. आणि मग चेंडू येतो. बहुतेकदा पहिल्याच ओव्हरमध्ये ते परत आलेले असतात. चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही. पॅड सोडायचे, हातोडी घ्यायची आणि टेम्पोपाशी जाऊन वाकडे खिळे सरळ करत बसायचं. त्यांची सर्वोच्च धावसंख्या अकरा, आणि तिची आठवण आम्हाला दर मोसमात एकदा तरी करून दिली जाते.

मी चष्म्याचं दुकान चालवतो आणि क्लबाचा कॅप्टन आहे. दुकानात लोकांना नीट दिसावं म्हणून मी धडपडतो, आणि रविवारी अकरा माणसं चेंडू दिसूनही तो कसा सोडतात ते बघतो. माझा स्वभाव मुळात तापट. तो या क्लबानं आणखी तापवला.

यंदाचा शेवटचा सामना अग्निशामक दलाच्या संघाशी होता. त्यांना आम्ही कधीच हरवलेलं नाही. ती माणसं रोज शिड्या चढतात, पळतात. आमचा केमिस्ट दोन धावा काढल्या की गुडघे धरतो. पण यंदा आम्ही बरे खेळत होतो आणि लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्यात सामना त्यांच्या केंद्रामागच्या मैदानावर, तिथं सिमेंटची खेळपट्टी, वर त्यांचीच मॅट कायमची ठोकलेली. म्हणजे दाजींच्या मॅटची गरजच नव्हती. मॅट नाही तर सलामीही नाही, हे केमिस्टनं सगळ्यांत आधी ओळखलं. तो माझ्या दुकानात आला, चष्मा पुसून घेण्याच्या निमित्तानं, आणि म्हणाला की दाजींना बाहेर बसव. बाकीच्यांचंही तेच मत पडलं. मी बराच वाद घातला. शेवटी ठरलं ते असं, की दाजी खेळतील, पण शेवटच्या नंबरावर. आणि तिथंही काही गोंधळ घातला, तर पुढच्या मोसमात मॅट आणायला दुसरं कुणी बघायचं आणि दाजींना कायमचा नमस्कार.

हे सांगायचं माझ्यावर आलं. मेहुण्यानंच सांगावं, असं सगळ्यांचं म्हणणं.

दाजी एका रिकाम्या बंगल्यात काम करत होते. स्टुलावर उभं राहून भिंतीच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरत होते. मला बघताच त्यांनी भिंतीकडे बोट करून विचारलं, फुगवटा दिसतो का? मी म्हटलं, नाही दिसत. ते म्हणाले, चष्मेवाल्यालाच दिसत नाही तर मालकाला काय दिसणार, आणि खुशीत हसले. मी सगळं सांगून टाकलं, पुढच्या मोसमाचंही.

त्यांनी हातातल्या पुट्टीच्या पत्र्यानं भेग घासली. आणखी एकदा घासली. ती केव्हाच भरली होती.

“मी कधी जास्त टिकत नाही, मला कळतं रे,” ते म्हणाले. “पण रविवार सकाळ झाली की मी त्यासाठीच उठतो. तेवढं नका काढून घेऊ.”

मला फार वाईट वाटलं. बघू म्हणालो आणि निघालो. संध्याकाळी ताईचा फोन आला. ती नेहमी अर्धा तास बोलते. त्या दिवशी तिनं फक्त ह्यांची पांढरी पँट वाळत घातली आहे एवढं सांगून फोन ठेवला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सामन्यात अग्निशामकवाल्यांनी बऱ्यापैकी धावा केल्या. आमची सलामी केमिस्टनं निवडलेल्या नव्या जोडीनं केली आणि दोघंही एरवीच्या दाजींपेक्षा फार उशिरा परतले असं म्हणता येणार नाही. मी मात्र त्या दिवशी कसा कोण जाणे, खेळत होतो. चेंडू फुटबॉलएवढा दिसत होता. एकेक जण येत होता, जात होता. केमिस्ट आला, आणि जिंकायला सहा धावा हव्या असताना ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर डोळे मिटून बॅट फिरवून गेला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

मग दाजी आले. त्यातल्या त्यात बरं म्हणजे नवी ओव्हर मी खेळणार होतो. त्यांना नुसतं समोरच्या टोकाला उभं राहायचं होतं. मी त्यांना सांगितलं की मी हाक मारली की पळा, बाकी काही करू नका. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

पहिल्या चेंडूवर मी चौकार मारला. दोन धावा उरल्या. दुसरा चेंडू ऑफला थोडा पुढे पडला. मी एक पाय पुढे टाकून तो कव्हरमधून असा मारला, की तसा फटका मी आयुष्यात मारला नव्हता आणि पुन्हा मारेन असं वाटत नाही. सीमेपाशी एकानं धावत जाऊन कसाबसा अडवला. दोन धावा आरामात होत्या. मी हाक मारली आणि डोकं खाली घालून सुटलो.

दुसऱ्या टोकाला पोचलो तर दाजी तिथंच. हलले नव्हते. बॅट काखेत धरून ते कव्हरच्या दिशेनं बघत उभे होते. मागं स्टंप पडल्याचा आवाज आला. मी धावबाद, संघ गारद, एका धावेनं हार.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच त्यांना फाडून खावं असं वाटलं, पण समोर अग्निशामकवाले नाचत होते. आम्ही दोघं गुपचूप परत निघालो. कडेला सगळे उभे होते, केमिस्ट सगळ्यांत पुढे, आणि त्याच्या चेहऱ्यावर निकाल लिहिलेला होता. मी दबक्या आवाजात दाजींना विचारलं की हाक ऐकू आली नाही का.

“आली ना,” दाजी म्हणाले. “पण मी तुझा फटका बघत राहिलो. बारा वर्षं मी लवकर बाहेर येतो आणि खिळे ठोकत बसतो. तू बॅटिंग करतोस ती मी इतक्या जवळून कधी बघितलीच नव्हती. किती सुंदर खेळतोस रे तू. पळायचं राहूनच गेलं.”

माझा राग कुठच्या कुठे गेला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी हेल्मेट काढलंच नाही.

केमिस्टनं तोंड उघडलं तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, पुढच्या मोसमात रिवाज बदलायचा. कॅप्टन पहिला चेंडू खेळेल आणि दाजी समोर असतील. ज्याला हे मान्य नसेल त्यानं दुसरा कॅप्टन बघावा. केमिस्टनं वाकून पॅड सोडायला घेतले. दाजींनी तेवढं विचारलं, की मग पळायचं कधी, ते मला आधी सांगशील ना?