बुडासकट आणायचं

मंडईच्या मागच्या दाराशी एक टेबल, त्यावर भिंग, ब्रश आणि चाकू, खाली टाकाऊ मालासाठी फिनेलची बादली. एवढ्या संसारावर छत्रीबाईंनी अर्धं आयुष्य काढलं. रानातून अळंबी वेचून आणणाऱ्यानं आधी बाईंपुढे टोपली ओतायची आणि मगच ती घरी न्यायची किंवा विकायची, असा नियम होता. नियम मंडईचा, पण धाक बाईंचा.

"ही मोडली की निळी पडते, बघा. हिला ओल्या पिठाचा वास येतो. आणि ही खोडावरची लाकडासारखी कडक, हिच्या वाटेला जाल तर कवळी हातात येईल," असं त्यांचं सतत चाललेलं. कुणी नाक मुरडून 'कुत्र्याच्या छत्र्या' म्हणालं की मात्र त्या उखडायच्या. "या नसत्या ना, तर पडलेला पाला कुजलाच नसता, गळ्यापर्यंत पाल्यात उभे असता सगळे. झाडाच्या मुळांना पाणी शोधून देतात त्या. तुम्ही काय देता कुणाला?"

सगळ्यात जास्त टिंगल व्हायची ती घरातच. बाईंचा नवरा शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. "आमची ही बुरशीशी बोलते आणि मी कापडाशी. मग भांडायला वेळ कुणाला?" असं ते गिऱ्हाइकांना सांगत. बायकोबरोबर रानात जायचं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. पुढे नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि मास्तर खिडकीशी बसून राहू लागले. बोलका माणूस असा मुका झालेला बाईंना बघवत नव्हता.

आणि एका सकाळी मंडईतल्या रांगेत टोपली घेऊन मास्तर उभे! नवा सदरा, भांग पाडलेला. बाईंना हसू आवरेना. त्यांनी टोपलीवरचा रुमाल उचलला आणि हसू जागच्या जागी विरलं.

आत अळंबीच्या नुसत्या टोप्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, धुऊन पुसून रचलेल्या.

"देठ कुठंयत?"

"तिथंच ठेवले. कात्रीनं टोपीखालीच कापलं," मास्तर कौतुकानं म्हणाले. "माती घासून घासून तुझी नखं झिजली. म्हटलं, आज आयतं द्यावं."

आता यांना काय सांगायचं? खायची पांढरी आणि जीव घेणारी पांढरी, वरून सख्ख्या बहिणी. टोपी कागदावर पालथी ठेवली तर दोघींची खालून झडणारी पूडही पांढरीच पडते. ओळख पटते ती बुडाशी. विषारी असेल तर मातीत गाडलेल्या बुडाला फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं. मास्तरांनी प्रेमापोटी नेमकी तीच खूण जमिनीत ठेवली होती. शिंप्याचा हात, कात्री साफ चालली होती.

विषाची परीक्षा कोण बघणार? "बुडाशिवाय विषारी कोणती ते कळत नाही," म्हणत बाईंनी टोपली उचलली आणि बादलीत ओतली.

"घरच्यालाही सूट नाही हो!" रांगेत कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मास्तर रिकामी टोपली घेऊन निघून गेले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटात हात घातला, पण घास उतरेना. मानी माणूस, चारचौघांत अपमान झाला, असं बाईंनी धरलं. ओतलं ते बरोबरच होतं. पण आधी बाजूला नेऊन दोन शब्द बोलले असते तर माझं काय बिघडलं असतं, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. शेवटी मंडईला सुट्टी होती त्या सकाळी त्यांनी खुरपं घेतलं. "अहो, चला. जागा दाखवा."

मास्तर उठून पुढे चालू लागले. पडक्या कुंपणाजवळ मातीत कापलेले देठ तसेच उभे होते. बाई गुडघे टेकून एकेक बूड अलगद उकरू लागल्या. पहिलं स्वच्छ. दुसरंही स्वच्छ. मास्तर मागे उभे, श्वाससुद्धा घेत नसावेत. शेवटचं बूड हातात घेऊन बाईंनी माती फुंकली, बोटानं चाचपलं. पिशवीचा मागमूस नव्हता. सगळीच्या सगळी खायची होती.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगली होती हो सगळी. तुमची पहिलीच टोपली, आणि मी बादलीत ओतली. उद्या अशी आणलीत तर पुन्हा ओतेन, ते सोडा. पण मला फार वाईट वाटतंय."

मास्तर त्या ओल्या मातीतच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"अगं, टोपली गेली खड्ड्यात," कसंबसं ते म्हणाले. "मी तर अळंबी तोंडाला लावत नाही. सगळी एकट्या तुझ्यासाठी कापली होती."