तोंड झाकून बोलायचं नाय

मंगळूभाऊंचा मला अजून राग येतो. माणूस देवासारखा, पण फुशारकी नडली.

किन्हवलीच्या भातगिरणीवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. इंजिन सुरू झालं की शेजारी ढोल बडवला तरी कळायचं नाय, म्हणून तिथं सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायची. कुणी तोंड झाकून बोललं की समोरच्याला राग यायचा. भाऊंचे कान कधी गेले ते त्यांनाच कळलं नाय. कळलं त्यांच्या बायकोला, बुधीवैनीला. ती चुलीपुढून हाका मारून दमायची आणि हे अंगणात आपले निवांत बिडी ओढत. शेजारी मी, तिची हाक माझ्या घरात ऐकू यायची!

वैनीनंच त्यांना शाळेतल्या कान तपासणीला ओढत नेलं. मी पण गेले. ज्याला गरज त्याला कानातलं मशीन मिळणार होतं.

तपासणारी प्रियांका, शहरातली गुणी पोर. तिनं स्पीकरवर बाजाराचा गोंगाट लावला.

"काका, शांत जागी बऱ्याच जणांना ऐकू येतं. गोंगाटात किती कळतं ते बघायचंय. मी म्हणेन ते परत म्हणा," म्हणाली, आणि तोंडापुढं पुठ्ठा धरला.

झालं! भाऊंचं डोकं फिरलं. "पोरी, तोंड झाकून काय बोलतंस? मी काय तुझं वाईट केलंय?"

ती बिचारी ओशाळली. वयाचा मान ठेवून तिनं पुठ्ठा खाली घेतला. मग काय, भाऊंनी तिच्या ओठांवरनं एकूणएक वाक्य बरोबर म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैनी पुढं होऊन सांगायला लागली, "बाय, तो तोंडाकडं बघून..." तर भाऊंनी डोळे वटारले. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? वैनी मागं सरली. मशीन दुसऱ्याला गेलं आणि भाऊ घरापर्यंत "पास झालो, पास झालो" करत आले.

भातकापणी झाली न् वैनीला लकवा मारला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलणं जड झालं, तरी कान देऊन ऐकलं की कळायचं. भाऊंना मात्र त्या वाकड्या ओठांवरनं एक अक्षर लागेना. मशीनसाठी शहापूरला जाऊन आले, तिथं म्हणाले, थांबावं लागेल. "खोटा पास झालो गो चंद्रकला," म्हणून माझ्या ओट्यावर लहान पोरासारखे रडले.

वैनी थांबली नाय. तिच्या शेवटच्या दुपारी मी पेज घेऊन गेले, तर भाऊ तिच्या तोंडाशी तोंड नेऊन, डोळे फाडून बघत होते. ती पुन्हा पुन्हा एकच बोलत होती आणि तोंडावर पदर ओढायला तिला हात उचलवत नव्हता.

"काय म्हणते गो?" भाऊंनी मला विचारलं.

"तुमी जेवलात काय, विचारते," मी म्हटलं.

ती म्हणत होती, "माझ्या तोंडाकडं नको बघू."