बंकरभाऊ

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच पडतो. अशा गावात राहून समुद्रकाठच्या जुन्या लष्करी बंकरांत शिरण्याचा छंद असलेला मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे बंकरभाऊ. दुसऱ्या महायुद्धात जपानी येतील या भीतीनं इंग्रजांनी पूर्व किनाऱ्यावर काँक्रीटच्या ठेंगण्या खोल्या बांधल्या, समुद्राच्या बाजूला एक आडवी फट ठेवली आणि आत बंदुका घेऊन शिपाई बसवले. युद्ध संपलं, शिपाई घरी गेले, खोल्या तिथंच राहिल्या. त्या बघायला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून भाऊ दर वर्षी दिवाळीनंतर संत्र्यांची पिशवी घेऊन निघत. गल्लीला आधी वाटायचं की भाऊ तिरुपतीला जातात. चार-पाच वर्षं झाली तरी लाडवाचा प्रसाद येईना, तेव्हा चौकशी झाली.

भाऊंच्या वडिलांचा घरी हातमाग होता. तो वडिलांबरोबरच थांबला आणि भाऊ उमरेड रोडवरच्या एका सूतगिरणीत लागले, आग विझवणाऱ्या पथकात. सगळीकडे कापूस आणि सूत, म्हणजे आग केव्हाही लागेल असं धरून चालायचं. भाऊ अठ्ठावीस वर्षं तसं धरून चालले. आग लागली नाही. एकदा कँटीनमध्ये भज्यांची कढई पेटली होती, पण आचाऱ्यानं तिच्यावर झाकण ठेवलं आणि भाऊ धावत पोचले तोवर भजी वाढायला घेतली होती. बाकी दर सोमवारी लाल बादल्यांमधली वाळू बदलायची, कारण कामगार तिच्यात खर्रा थुंकत. भाऊंनी एकही सोमवार चुकवला नाही. लोक थट्टा करत, त्याचा त्यांना राग येत नसे.

छंदाचं मूळही गिरणीतच होतं. गिरणीनं त्यांना आठ दिवसांच्या प्रशिक्षणासाठी विशाखापट्टणमला पाठवलं. सुटीच्या दिवशी ते किनाऱ्यानं चालत बरेच पुढे गेले, तर मच्छीमारांच्या एका वस्तीजवळ वाळूत एक काँक्रीटची खोली कलून उभी. काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा कुणीतरी तुटक्या हिंदीत सांगितलं की इथं शिपाई बसून जहाजाची वाट बघत होते, जहाज आलं नाही. भाऊ त्या खोलीला टेकून दिवस मावळेपर्यंत बसले. "मले वाटलं, हे तं आपल्याच खात्यातलं हाय," असं ते मला पुढे कितीदा तरी म्हणाले. तेव्हापासून त्यांनी बंकर शोधायला सुरुवात केली. ओडिशा झालं, मद्रासकडचं झालं, पुढे माझ्यासोबत एकदा थेट अंदमानलाही जाऊन आले; तिथले बंकर जपान्यांनी बांधलेले, पण तेही इंग्रजांची वाट बघत तसेच राहिलेले.

माझा यात शिरकाव झाला तो वहिनींमुळे. मी शेजारी राहतो, शाळेत भूगोल शिकवत होतो. भाऊंची साठी झाली तशी वहिनींनी एक दिवस मला ओट्यावर गाठलं. "यायनं तिथं काय पुरून ठेवलं हाय, मले काही समजत नाही," त्या म्हणाल्या. "पन एकटे जाऊ देनार नाही मी. भाऊजी, तुमी जा संगं. तुमी भूगोलवाले हा, तुमाले समुद्राचं समजते." मी समुद्र तोवर नकाशातच निळा रंगवलेला पाहिला होता. शिवाय मला बंद जागेची भीती वाटते, लिफ्टमध्येसुद्धा मी जात नाही. पण शेजारधर्माला नाही म्हणवेना. पुढची अकरा वर्षं मी भाऊंसोबत गेलो आणि एकाही बंकरच्या आत पाय ठेवला नाही. बाहेर उभं राहून चपला सांभाळणं हे माझं काम.

कारण भाऊ बंकरात जाताना चपला बाहेर काढत. मग दारात वाकून विचारत, "कोनी हाय का गा आत?" उत्तर येण्यापुरता वेळ थांबत आणि मगच शिरत. अंदमानात एका बंकरपाशी भाऊ आत होते, मी चपलांजवळ हात बांधून उभा होतो, तेवढ्यात गुजरातकडची एक सहल आली. चपला बघून त्यांनीही चपला काढल्या, रांग लावली. एका आजीबाईंनी मला विचारलं की आत कोणता देव आहे. मी म्हटलं, आत भाऊ आहेत. त्यांनी बाहेरूनच हात जोडले आणि माझ्यापुढे पाच रुपये ठेवले.

आत भाऊ काय करत? फटीसमोर मांडी घालून पाव तास समुद्राकडे बघत. बाहेर आले की मी रिवाजाप्रमाणे विचारायचं, "काय दिसलं, भाऊ?" आणि त्यांनी समाधानानं सांगायचं, "काही नाही." हे 'काही नाही' ऐकायला आम्ही वीस-वीस तासांचा प्रवास करून जात होतो. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. एकदा मी चिडून म्हणालो की बघायचंच तर किल्ले बघा, जिथं लढाया झाल्या, रक्त सांडलं. भाऊ म्हणाले, "जिथं लढाई झाली तिथं सारेच जाते, मास्तर. जिथं नाही झाली तिथं बी कोनी गेलं पाह्यजे का नाही? सगळी तयारी करून ठेवली अन् कोनी आलंच नाही, याच्याहून चांगली गोष्ट कोनती गा?" पानठेल्यावर कुणीतरी वाचीव ज्ञान पाजळलं की विशाखापट्टणमवर जपानी विमानं येऊन बॉम्ब टाकून गेली होती. भाऊ शांतपणे म्हणाले, "ते वरतून आले. याचं तोंड समुद्राकडं हाय. त्याची ड्युटी समोरची होती." मला त्यांचं हे म्हणणं पटलं, पण तसं मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

इतके बंकर पाहिले, पण ज्याच्यापासून सुरुवात झाली तो पहिला बंकर मात्र भाऊंना आतून बघता आला नव्हता. वाळूनं त्याचं दार गळ्यापर्यंत बुजलेलं होतं. दर वर्षी आम्ही आधी तिथं जायचो. वस्तीतला अप्पाराव नावाचा मच्छीमार भाऊंचा दोस्त झाला होता. भाऊ त्याला संत्री देत, तो भाऊंना सुकी मासळी देई. एक जण नागपुरी हिंदी बोले, दुसरा तेलुगू हिंदी, आणि दोघांचं उत्तम जमे. बंकर दर वर्षी समुद्राकडे थोडा जास्त कललेला असे. "हा जाईन एक दिवस पान्यात," भाऊ म्हणत. "त्याच्या आधी एकडाव त्या फटीतून पाह्यलं पाह्यजे. मंग माहं काही म्हननं नाही." यापलीकडे भाऊंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

सत्तरी उलटली तेव्हा भाऊंचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी बजावलं की जमिनीवर बसायचं नाही आणि काहीही झालं तरी गुडघा टेकायचा नाही. वहिनींनी ते वाक्य पाठ केलं. त्याच वर्षी तिकडे वादळ झालं आणि दोन दिवसांनी अप्पारावचा फोन आला, "भाऊ, दरवाजा खुल गया. जल्दी आओ, फिर बंद होगा." भाऊंनी फोन ठेवला आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "जा. पन आत घुसाचं नाही. बाहेरून पाह्याचं." भाऊंनी मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा वाळू खरंच उतरली होती. दाराच्या वरच्या कडेखाली एक माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी जागा झाली होती. भाऊंनी चपला काढल्या, वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं नकार दिला. पुन्हा केला. मग ते सरळ उभे राहून दुसरीकडेच बघू लागले. अकरा वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला ते बघवेना. "मी जातो, भाऊ," माझ्या तोंडून निघून गेलं. "भेशील नं, मास्तर," ते म्हणाले. मी चपला काढल्या, "कोनी हाय का गा आत?" असं रीतसर विचारलं आणि शिरलो.

शिरलो म्हणजे घोट्यांपर्यंत शिरलो. पाय बाहेर, बाकीचा मी आत. छत पाठीला लागलं आणि माझे डोळे गच्च मिटले, ते उघडेनात. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाहेरून भाऊंचा आवाज आला, "फटीतून काय दिसते गा?" मी डोळे मिटूनच म्हणालो, "समुद्र." "जहाज?" "नाही, भाऊ. एकही नाही." मग भाऊ म्हणाले, "मास्तर, पानी वाढून राहिलं का?" मी आतून ओरडलो, "लाटा आहेत त्या! येतात, जातात!"

भरती-ओहोटी हा सहा गुणांचा धडा मी बावीस वर्षं शिकवला होता. चंद्र, सूर्य, पृथ्वी, आकृतीसकट. पण आमचं पाणी म्हणजे तलावाचं, फुटाळ्याचं नाहीतर अंबाझरीचं. सकाळी जिथं, संध्याकाळी तिथं. समुद्राला वेळापत्रक असतं हे मला पाठ होतं, फक्त ते या समुद्राला लागू आहे हे सुचलं नव्हतं. पुढची लाट आली ती परत गेली नाही. ती माझ्या पोटाखालून आत गेली, वाळू दारात ढासळली, आणि तोंडात खारट पाणी आलं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. कुणीतरी दोन्ही घोटे धरले आणि हातमागावरून कापड ओढावं तसं मला सरळ ओढून बाहेर काढलं.

भाऊ पाण्यात गुडघे टेकून बसले होते. दोन्ही.

अर्ध्या तासानं बंकरचं फक्त छप्पर दिसत होतं. अप्पाराव धावत आला आणि हात वर करून ओरडला, "पानी का टाइम किसी को नहीं पूछा?" आम्ही परतीच्या गाडीची वेळ मात्र तिघांना विचारून ठेवली होती. चपला समुद्रानं नेल्या. अप्पारावच्या ओसरीवर अंग पुसताना भाऊ म्हणाले, "घरी काय सांगाचं?" मी म्हटलं, "काही झालं नाही म्हणून सांगू." ते म्हणाले, "हाव, तेच बरं." सुजलेला गुडघा गाडीतून उतरताना पाय घसरल्याच्या खाती टाकला. वहिनींनी तो तीन महिने शेकला. भाऊंचा प्रवास त्यानंतर बंद झाला तो झालाच.

परतीच्या गाडीत भाऊंनी रायपूरपर्यंत मला तीनदा विचारलं, "नुसता समुद्र?" मी तिन्ही वेळा म्हणालो, "नुसता." पुढे ते भेटेल त्याला सांगत सुटले की मास्तरनं आतून पाहिलं, एक जहाज नव्हतं. त्यांचा आनंद बघून मला घास गिळवेना. ज्या एका गोष्टीसाठी त्या माणसानं एवढी वर्षं वाट पाहिली, ती मी डोळे मिटून पाहिली होती, वर खोटंही बोललो होतो.

दीड वर्षानं अप्पारावचा फोन आला की बंकर कलंडून समुद्रात गेला. ते सांगायला मी दुपारी भाऊंकडे गेलो. ते पोहे खात होते. ऐकून म्हणाले, "बरं टिकला." मग माझ्यानं राहवेना. "भाऊ," मी म्हणालो, "मी आत काही पाहिलं नाही. डोळे मिटून पडलो होतो."

भाऊंनी पोह्यावर लिंबू पिळलं. "मले मालूम हाय."

"कसं?"

"पाय धरले नं मी तुह्ये. असे कापत होते, बाप्पा! तसे पाय घेऊन कोनी पाह्यते का?"

"मग चिडला काहून नाही? तुमची फट तर गेली."

त्यांनी बशी खाली ठेवली. वहिनी स्वयंपाकघरात आहेत याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं बादल्या भरल्या, मास्तर. मानूस कसा काढाचा याचं ट्रेनिंग घेतलं. एकालेबी काढाची पाळी नाही आली. तुले काढलं. त्याच्यापुढं फटीतून काय दिसते, ते कोन पुसते गा?" मग बशी उचलून म्हणाले, "फक्त कोनाले सांगता येत नाही, एवढंच." त्यांच्या बशीतले दोन घास मी खाल्ले, एवढं आठवतं.

मागच्या पावसाळ्यात भाऊ झोपेतच गेले. तेरवीला गिरणीतले जुने सोबती आले होते. जेवणाआधी चार शब्द बोलायची पद्धत आहे. त्यांचा एक सुपरवायझर उठला आणि गहिवरून म्हणाला की भाऊ फार सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यांच्या सगळ्या नोकरीत एक घटना घडली नाही. लोकांनी माना हलवल्या. वहिनी आतल्या दाराला टेकून बसल्या होत्या.

मला बोलायचं नव्हतं, पण मी उभा राहिलो. म्हणालो, भाऊंनी एका माणसाचा जीव वाचवला आहे. तो माणूस मी. मग समुद्र, वाळू, भरती आणि माझा सहा गुणांचा धडा, सगळं सांगितलं. कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, ते मोडलं त्याचं मला वाईट वाटत होतं, पण थांबलो नाही. गिरणीतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पंगत बसायच्या वेळी वहिनींनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "गुडघा टेकला होता का त्यायनं?"

"हो."

"नवा वाला?"

"दोन्ही, वहिनी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "डॉक्टरनं नाही म्हनलं होतं," त्या म्हणाल्या, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा रडल्या.