देवमनची एका घराची चाल

अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, देवमन रुई तुडवायचा. पेटीत उभं राहून पायानं थरावर थर बसवायचा. एक थर पोकळ राहिला तर रुईची बांधलेली गठाण फुगते. देवमनची गठाण कधी फुगली नाही.

बुद्धिबळातही तो तसाच. देशी डावात प्यादं एकेक घर चालतं. देवमन प्याद्यांची फळी बांधून बसायचा आणि घाई करणाऱ्याला दमवायचा. पण १९६१ साली अमरावतीच्या सामन्यांना नवे नियम लागले. जिनातून चौघे जाणार होते, तिघे ठरले होते. चौथी जागा देवमन की फिटर खुशालराव, ते येत्या रविवारच्या डावावर ठरणार होतं. आणि देवमन दोन महिने सारखा हरत होता.

नवे नियम शिकवणारे, वजनकाट्यावरचे काटेबाबू भगवंतराव शेवटी चिडले. "कावून रे, प्यादे असे उधळून देतं? त्यायच्या मांगं कोनीच नाही!"

"कायदाच तसा हाय ना. पयल्या चालीत दोन घरं."

"कोन म्हने?"

"सारेच दोन चालतात. तुमीबी."

भगवंतराव पोट धरून हसले. "अरे बाप्पा, दोनची मुभा हाय, सक्ती नाही. एक चाल ना! कोनी हात धरला तुहा?"

घरी हे ऐकून बायको चतुराबाई म्हणाली, "दोन महिने इचाराले तोंड नोतं का तुमाले?"

देवमन पट मांडून बसला. घोडे आधी काढून पाहिले. मागे आधार नसला की जीव खालीवर व्हायचा. मग मधली दोन आणि घोड्यांच्या घरापुढची दोन प्यादी एकेक घर, दोन्ही उंट कडेच्या तिरक्या वाटेवर, घोडे त्यांच्या आत. ही मांडणी त्याला मानवली. कामाची पाळी सुटल्यावर रोज वीस वेळा तीच मांडली. ज्याला हे वीस वेळा कंटाळवाणं वाटेल, त्यानं दुसरी शोधावी.

रविवारी खुशालरावांची प्यादी दोन-दोन घरं धावत आली.

"देवमन, झोपला का रे?"

"तुमी या, आमी हावोच घरी."

तिसाव्या चालीला एक प्यादं एकटं सापडलं. देवमननं उचललं. मग दुसरं. साठाव्या चालीला खुशालरावांनी राजा आडवा केला.

"जाय बाप्पा अमरावतीले. मायी तं कंबर धरली."

भगवंतरावांनी यादीत चौथं नाव लिहिलं, नुसतं 'देवमन'. देवमननं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बापाचंबी नाव टाका, बाबू. मांगं कोनी तं पायजे."