खिडकी घेऊन अबुधाबीला

अबुधाबीला निघालो ते हौसेनं नाही, मामूंनी घातलेल्या घोळामुळे. गोष्ट साठच्या दशकातली. दुबईत मामूंचा सुतारकामाचा छोटा कारखाना होता आणि मी, रत्नागिरीहून नुकताच आलेला भाचा, त्यांची पत्रं बघायचो. अबुधाबीच्या एका इंग्रज साहेबांच्या बंगल्याचे नकाशे आले. मामूंनी दारं केली, कपाटं केली आणि टोकदार कमानीची एक सागवानी खिडकीही केली. मग साहेबांची चिठ्ठी आली: नकाशांच्या गुंडाळीत वडिलांनी काढलेलं जलरंगातलं चित्र चुकून गेलंय, जपून परत आणा.

चित्रात एक इमारत पाडताना भिंतीआड दडलेली जुन्या चर्चची खिडकी उघडी पडली होती. शेजारी पहार घेतलेला मजूर. तो साडेपाच फूट धरून मामूंनी सगळी मापं पेन्सिलीनं चित्रावरच लिहिली होती. भोवतीच्या पडक्या विटांवर फुली मारून ‘हे नको’. चित्रातल्या रंगीत काचांपैकी तीन फुटलेल्या, म्हणून खिडकीतही तीन जागा रिकाम्या.

“मामू, हे चित्र आहे!”

“ऑफिसातून कागद आला म्हणजे काम आलं. यल्ला, चल, खिडकी बांध.”

साहेब बिघडला तर कारखाना बंद आणि आम्ही दोघं परतीच्या बोटीवर. 

आज हा रस्ता दीड तासाचा. तेव्हा रस्ताच नव्हता. गाडीचं भाडं माणशी वीस रुपये (तिथे तेव्हा रुपयेच चालत), खिडकीचं चाळीस, कारण ती टपावर झोपून जाणार होती. जबल अलीजवळ वाळूत रुतलो. तिथेच खबूसची रोटी आणि सुका बांगडा खाल्ला. पुढे मिठागरासारखी जमीन, मग खाडी ओलांडायला ओहोटीची वाट बघणं. जाणाऱ्यांनी पाणी भरपूर न्यावं, मामू शक्यतो एकच.

साहेबांनी चित्र उलगडलं. बोट नेमकं ‘हे नको’वर.

“ये क्या लिखा है?”

मी खरं ते सांगून टाकलं. साहेब खिडकीकडे बघत राहिले, मग हसत खुर्चीत बसले. “पिताजी ने पेंट किया, दूसरे दिन दीवार गिर गयी. सात सौ साल की खिड़की, खलास. अब फिर से है.”

मामू रबर काढून पुढे सरसावले. साहेबांनी तो काढून घेतला.

“साहेब, तीन शीशे का कलर?” मामूंनी विचारलं.

“किसी को मालूम नहीं. तुम बोलो.”

नकाशाशिवाय मामूंनी जन्मात खिळा ठोकला नव्हता. काचा बसवायला खिडकी पुन्हा टपावर, पुन्हा चाळीस.

त्या प्रवासातलं आता फारसं आठवत नाही. दुबईच्या खोलीवर पोचून मी चहा ठेवला, तेव्हा मामू बोलले ते मात्र आठवतं.

“तिन्ही हिरव्या.”

“का?”

“गावाला आता भात लावून झालं असेल.”